वकीलबाई आल्या, पण काळा कोट नव्हता: पाचपैकी चार तारे

"काकांना अ‍ॅडव्होकेट मिळणार आहे," असं मी सांगितलं तेव्हा नाशिकच्या आत्याने व्हिडिओ कॉलवरच कपाळाला हात लावला. "अगं, कोर्टकचेरीपर्यंत गेलं का प्रकरण?" तिची चूक नाही. आपल्याकडे नावाआधी 'अ‍ॅड.' आलं की वकीलच. इथे इंग्लंडमध्ये कौन्सिलतर्फे, म्हणजे स्थानिक पालिकेतर्फे, मिळणारी अ‍ॅडव्होकेट वकील नसते. आजारपणामुळे किंवा विसरभोळेपणामुळे ज्याला स्वतःचं म्हणणं मांडता येत नाही, त्याच्याजवळ बसून त्याला काय हवंय ते शोधायचं आणि सोशल वर्करसमोर ठामपणे ठेवायचं, एवढंच तिचं काम. 2014 च्या केअर अ‍ॅक्टच्या कलम 67 ने ही सोय करणं कौन्सिलवर बंधनकारक केलं, 1 एप्रिल 2015 पासून. मिळकत कितीही असो, फुकट.

आत्याचा पुढचा प्रश्न मात्र मलाही बोचत होता. "घरचं माणूस असताना बाहेरची बाई कशाला?"

त्याचं उत्तर काकांनीच दिलं होतं. काका 82 वर्षांचे. 1971 साली साताऱ्याहून आले, बस डेपोत नोकरी केली, काकू गेल्यापासून एकटेच राहतात. फेब्रुवारीत मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक आला. उजवा हात गेला आणि भाषा गेली. पन्नास वर्षांचं इंग्लिश एका रात्रीत पुसलं गेलं, मराठीतले तीन शब्द उरले: 'हो', 'नको' आणि 'अगं'.

मी माझ्या घरची मागची खोली रिकामी करून ठेवली होती. त्यांच्या वतीने मी बोलेन, असं सोशल वर्करला सांगूनही टाकलं. तिने नियमाप्रमाणे काकांना विचारलं, पुतणी बोलली तर चालेल का? काकांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "नको."

मी लगेच सारवासारव केली. ते सगळ्यालाच नको म्हणतात हो, सकाळी लापशीला नको म्हणाले आणि वाटी चाटूनपुसून खाल्ली. पण नियम असा की त्या माणसाला पसंत नसेल तर घरचं माणूसही त्याच्या वतीने बोलू शकत नाही. मग अ‍ॅडव्होकेट मिळावी म्हणून रेफरल, म्हणजे शिफारस, गेलं.

इथे एक तारा कापला. आमच्या कौन्सिलने शेजारच्या दोन कौन्सिलांबरोबर मिळून एकाच संस्थेला हे कंत्राट दिलंय. संस्थेचं ऑफिस तिसऱ्याच गावात. फोनवरच्या मुलाने आधी विचारलं, कुठली कौन्सिल? मी भोळेपणाने हॉस्पिटलचा पोस्टकोड दिला. हॉस्पिटल शेजारच्या कौन्सिलच्या हद्दीत, काकांचं घर आमच्या. फाइल आठ दिवस भलत्याच ट्रेमध्ये पडून! बाई प्रत्यक्ष यायला एकूण 19 दिवस लागले. तेवढ्यात वॉर्डमधून रोज टुमणं, बेड मोकळा कधी होणार. तिघांचं मिळून एक दुकान काढलंत तर गल्ल्यावरच्या पोराला नकाशा तरी द्या.

मात्र याच एकत्र कंत्राटाचा फायदाही आम्हीच घेतला, हे प्रामाणिकपणे सांगते. काका हॉस्पिटलातून घराजवळच्या पुनर्वसन केंद्रात गेले, म्हणजे हद्द ओलांडली, तरी बाई त्याच राहिल्या. दोन कंत्राटं असती तर कदाचित पुन्हा नवा चेहरा, पुन्हा पहिल्यापासून सगळं. बोलताच न येणाऱ्या माणसाच्या बाबतीत ओळखीचा चेहरा ही छोटी गोष्ट नाही.

बाई पन्नाशीच्या, हातात सायकलचं हेल्मेट. पहिल्या भेटीत कामाचं काहीच विचारलं नाही, चहा घेत बसल्या. मी दुभाषी व्हायला तयार होते. त्यांनी गोड शब्दांत मला बाहेर बसवलं! हॉस्पिटलने आधी हिंदी दुभाषी पाठवला होता, इंडियन म्हणजे हिंदी या हिशेबाने. बाईंनी तो नाकारून फोनवर मराठी दुभाषी मिळवला. मला राग आला होता. आता वाटतं, मी भाषांतर केलं असतं तर 'त्यांना घरी जायचंय' याच्यापुढे 'पण ते शक्य नाही' हे माझं शेपूट लागलंच असतं.

दुसऱ्या भेटीत स्पीच थेरपिस्ट होती, आणि काकांनी होकार दिल्यामुळे मीही. बाईंनी टेबलावर तीन फोटो मांडले: काकांचं घर, एक केअर होम (इथला वृद्धाश्रम), माझं घर. काकांनी डाव्या हाताच्या बोटाने माझ्या घराचा फोटो सरकवत सरकवत टेबलाच्या काठापर्यंत नेला आणि खाली पाडला. केअर होमचा उलटा करून ठेवला. स्वतःच्या घराचा उचलून शर्टाच्या खिशात घातला. बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. दोन दिवसांनी येऊन फोटोंचा क्रम बदलला, प्रश्नही उलटा विचारला. पुन्हा तेच. माझ्या मागच्या खोलीला नवे पडदे लावले होते मी.

सोशल वर्करचं मत होतं की काकांना हा निर्णय घेण्याची समजच उरलेली नाही. बाईंनी 2005 चा मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्ट काढला. समज नाही असं ठरवण्याआधी त्या माणसाला शक्य ती सगळी मदत करून बघायला हवी, असं त्यात म्हटलंय. काकांची तपासणी झाली होती इंग्लिशमधून, दहा मिनिटांत. ती मराठीतून, फोटो वापरून, दुपारच्या झोपेनंतर परत घ्यायला लावली. निष्कर्ष: निर्णय घेण्याइतकी समज आहे. मी म्हटलं, अहो, पण एकटं राहणं हा शहाणपणा आहे का? त्यावर बाईंनी त्याच कायद्याचं पुढचं तत्त्व ऐकवलं. निर्णय शहाणपणाचा नाही म्हणून माणसाला समज नाही असं ठरत नाही. हे वाक्य आपल्याकडच्या प्रत्येक एकत्र कुटुंबात फ्रेम करून लावलं तर किती घरं मोडतील, या विचाराने मला त्याही स्थितीत हसू आलं.

काका एप्रिलच्या शेवटी घरी गेले. दिवसातून चार वेळा मदतीला येणारी केअरर, गळ्यात अलार्मचं बटण, दाराबाहेर किल्लीची कुलूपपेटी. पहिले सहा आठवडे फुकट, मग आर्थिक तपासणी. घरीच राहून मदत घेतली तर राहत्या घराची किंमत त्यात धरत नाहीत, हेही मला बाईंमुळेच कळलं. जूनमध्ये काका न्हाणीघरात घसरले. लागलं नाही, पण मी तणतणत संस्थेला फोन लावला. केस बंद झाली आहे, नवीन रेफरल करा, असं उत्तर मिळालं. कापलेला तारा परत देणार होते, तो या उत्तराने घालवला.

बाकीचे चार तारे बाईंचे. ज्यांना ही सेवा हवी असेल त्यांनी कौन्सिलला लेखी मागणी करावी, आणि पोस्टकोड माणसाच्या घराचा द्यावा, हॉस्पिटलचा नव्हे. बाई तुमची बाजू घेतील या भरवशावर मात्र राहू नका. त्यांनी माझी घेतली नाही.

शेवटच्या भेटीपर्यंत थेरपीने काकांचे आणखी काही शब्द परत आले होते. बाई हेल्मेट घालून निघाल्या तेव्हा काकांनी डाव्या हाताने खिसा चाचपला आणि विचारलं, "फी?"

तेवढं मात्र बाईंना दुभाष्याशिवाय कळलं.