फ्लायव्हीलचे ७८,३४० घेतले आणि गाडीत ठेवलं जुनंच

आधी आकडे सांगतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ज्याचं त्याला ठरवता येईल. क्लच सेट ४१,८७०. ड्युअल मास फ्लायव्हील, म्हणजे इंजिन आणि क्लचच्या मधलं ते जड चाक, ७८,३४०. बोल्ट, क्लच फ्लुइड आणि कन्झ्युमेबल्स नावाचा तो नेहमीचा गाळ ६,२१५. लेबर २२,४००. बेरीज १,४८,८२५. त्यातून ‘गुडविल डिस्काउंट’ ८,८२५ वजा, म्हणजे बिल बरोब्बर १,४०,०००. त्याआधी गिअरबॉक्स उतरवून बघायचे म्हणून घेतलेले १४,५०० वेगळे, जे ‘क्लेम पास झाला तर परत’ मिळणार होते. एकूण १,५४,५०० रुपये. आणि हे सगळं एक्स्टेंडेड वॉरंटी चालू असलेल्या गाडीसाठी. त्या वॉरंटीचे ३१,८६० मी आधीच मोजले होते.

शोरूमचं नाव लिहीत नाही, वकिलांनी सक्त मनाई केली आहे. पुण्यातलं आहे एवढंच सांगतो.

गाडी टर्बो पेट्रोल, सहा गिअरची मॅन्युअल. घरचे सगळे ऑटोमॅटिक घे म्हणत असताना हट्टाने घेतलेली. मीटरवर ३८,४१२ किलोमीटर. खंबाटकी चढताना पाचव्यात पाय दाबला की आरपीएमचा काटा वर पळायचा आणि गाडी होती त्याच वेगात. सकाळी इंजिन थंड असताना खालून खडखड, क्लच दाबला की आवाज गायब. ज्याने जरा गाड्यांत हात काळे केलेत त्याला एवढ्यावरून कळेल. क्लच स्लिप होतोय आणि फ्लायव्हीलमधल्या स्प्रिंगा ढिल्या झाल्यात. या फ्लायव्हीलमध्ये दोन चकत्या असतात, मध्ये स्प्रिंगा, इंजिनाचे झटके त्या पोटात घेतात. म्हणून ते महाग, आणि म्हणूनच त्याच्यावर डल्ला मारण्यात मजा.

क्लच प्लेट ‘वेअर अँड टेअर’, वॉरंटीत बसत नाही, हे मला मान्य होतं. ब्रेक पॅड, वायपर, क्लच प्लेट, सगळ्याच कंपन्या वगळतात. पण फ्लायव्हील त्या यादीत नव्हतं. वॉरंटीचं पुस्तक मी वाचलं होतं, त्या पानाचा फोटोही काढून ठेवला होता. तो दाखवल्यावर ॲडव्हायजर म्हणाला, “सर, आत ब्लू स्पॉट आहेत. ड्रायव्हर ॲब्यूज. कंपनी रिजेक्ट करते.” व्हॉट्सॲपवर दोन फोटो आले. निळे डाग होते, खरं आहे. क्लच घसरून तापला की लोखंड निळं पडतंच. पण तो कशामुळे घसरला, हे कुणी सांगायचं? फोटोत प्लेटच्या कडेला ओलसर चकाकी दिसत होती. विचारलं तर म्हणाला, “उतरवताना गिअर ऑइल सांडलं सर.” ठीक आहे, सांडतं. मी हाफ क्लचवर पाय ठेवून चालवणारा माणूस नाही, सिग्नलला न्यूट्रल करतो, हे त्याला सांगून काय उपयोग होता! गाडी लिफ्टवर, गिअरबॉक्स जमिनीवर. नाही म्हटलं असतं तर पोटातला ऐवज डिकीत भरून टो करून न्यायची होती. अशा वेळी तुमच्याकडे पर्याय नसतो आणि हे त्यांना तुमच्याहून चांगलं ठाऊक असतं. म्हणूनच आधी उघडतात आणि मग एस्टिमेट देतात.

क्लेम रिजेक्ट झाल्याचं पत्र मागा. तोंडी नको, क्लेम नंबरासकट, ईमेलवर. देत नसतील तर क्लेम रिजेक्ट झालेलाच नाही असं समजून चाला.

आता तो प्रसंग. डिलिव्हरीची संध्याकाळ, गाडी धुऊन पुसून उभी. मी जुने पार्ट मागितले. मुलगा पुठ्ठ्याचा खोका घेऊन आला. आत क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. फ्लायव्हील नाही.

“फ्लायव्हील?”

“सर, ते कंपनीला जातं. वॉरंटी डिपार्टमेंट मागवून घेतं.”

“बरं,” म्हणालो मी.

क्लेम रिजेक्ट झाला होता ना? पैसे माझ्या खिशातून गेले होते ना? मग वॉरंटी डिपार्टमेंटला त्या लोखंडाशी काय देणंघेणं? पार्ट कंपनीला परत जातो तो कंपनीने पैसे दिले तर. मी पैसे दिले तर तो भंगारातला तुकडासुद्धा माझा. इतकं सरळ आहे हे. चौथीतल्या पोराला सांगितलं तरी कळेल, आणि मी भोसरीत मशीन शॉपमध्ये क्वालिटी बघतो, दिवसभर दुसऱ्यांच्या रिजेक्शनची कागदपत्रं तपासतो! पण त्या वेळी कंपनीतून फोनवर फोन चालू होते, लाइन बंद पडली होती, कॅशियर मशीन पुढे करून उभा होता, आणि तो मुलगा इतक्या अदबीने बोलत होता की दहा-बारा किलोच्या भंगारावरून हुज्जत घालायची लाज वाटली. तिथे दुसरं कुणी असतं तर त्यानेही ‘बरं’च म्हटलं असतं. तरीसुद्धा रात्री झोप मोडली की तोच संवाद कानात वाजतो आणि तळपायाची आग मस्तकात जाते.

सहीचा कागद पुढे आला, ‘काम समाधानकारक झाले’. गाडी चालवून बघण्याआधी या कागदावर सही करू नका. करायचीच वेळ आली तर सहीखाली ‘ट्रायल बाकी’ असं हाताने लिहा.

खडखड थोडी कमी झाली होती, गेली नव्हती. फोन केला तर उत्तर आलं, “नवीन क्लच सेट व्हायला हजारेक किलोमीटर लागतात.” हे उत्तर धूर्त आहे, कारण अर्धं खरं आहे. नवी प्लेट बसायला वेळ लागतोच. पण फ्लायव्हीलच्या आवाजाचा त्याच्याशी संबंध नाही. मी हजार किलोमीटर थांबलो, मग पावसाळा आला, मग क्लच पुन्हा घसरायला लागला.

भांडं फुटलं कोल्हापुरात. नात्यातल्या लग्नाला गेलो होतो. परतायच्या दिवशी क्लचचा जळका वास आला म्हणून तिथल्या, याच कंपनीच्या दुसऱ्या डीलरकडे गाडी नेली. काउंटरवरच्या माणसाने चासी नंबर टाकला आणि सहज बोलून गेला, “फ्लायव्हील बदललंय की हो तुमचं. वॉरंटीतनंच झालंय, पार्ट बी, लेबर बी.”

मी स्क्रीन बघायला वाकलो. जॉब कार्ड नंबर तोच. तारीख तीच. फ्लायव्हीलपुढे ‘वॉरंटी’, ग्राहकाकडून घेतलेली रक्कम शून्य. मी मोबाइलने फोटो काढला तेव्हा त्याच्या लक्षात आलं आणि त्याने मॉनिटर फिरवला. प्रिंट मागितली तर “ती तुमच्या पुण्याच्या डीलरकडनंच घ्या.” बिचारा घाबरला होता, त्याला दोष नाही देत.

म्हणजे कंपनीकडून पैसे घेतले, माझ्याकडूनही घेतले. मला वाटलं प्रकरण इथे संपलं. कुठलं!

नाना पेठेतल्या एका फिटरकडे गाडी नेली. या वेळी मी हललो नाही, गिअरबॉक्स खाली येईपर्यंत शेजारी उभा राहिलो. क्लच निघाला आणि आतून ओला. क्रँकच्या मागचं ऑइल सील गळत होतं, इंजिन ऑइल थेट प्लेटवर येत होतं. तेल लागलेली प्लेट घसरणार, घसरली की तापणार, तापली की निळे डाग पडणार. म्हणजे ‘ड्रायव्हर ॲब्यूज’चा बाप हे सील होतं, आणि सील वॉरंटीत बसतं. त्याची किंमत त्या सगळ्या बिलापुढे किरकोळ. ते त्यांना दिसलंच नाही असं मी मानायला तयार नाही. ती ओलसर चकाकी मला फोटोत दिसली, त्यांना तर हाताला लागली असणार.

मग फिटरने फ्लायव्हील पुसून माझ्यापुढे धरलं. पृष्ठभागावर कडेपासून मध्यापर्यंत बारीक गोल रेघा, ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा. हा फेसिंग कट आहे हे सांगायला मला फिटर लागत नाही. लेथवर चढवून वरचा थर घासला होता. कडेला, जिथे टूल पोचलं नव्हतं, तिथे निळ्या डागाचा अर्धा चंद्र तसाच. मागे ठोकलेला उत्पादनाचा महिना गाडी माझ्या घरी यायच्या आधीचा. बहुतेक उत्पादक ड्युअल मास फ्लायव्हील असं घासायला मनाई करतात. आणि बोल्ट? ते एकदाच वापरायचे, ताणले जाणारे, प्रत्येक वेळी नवे लावायचे. माझ्या बिलात नवे होते. गाडीत होते त्यांची डोकी पाना लागून लागून गोल झालेली.

एकाच फ्लायव्हीलचे पैसे दोन ठिकाणाहून, आणि फ्लायव्हील आलंच नाही. कंपनीकडे वॉरंटी रिटर्न म्हणून कुणाच्या गाडीचं लोखंड गेलं ते देव जाणे.

(नवा पार्ट बसवायच्या आधी त्याच्या खोक्यावरच्या लेबलाचा आणि पार्टवरच्या तारखेचा फोटो मागा. आणि जुन्यावर जमलं तर पंचने खूण करून ठेवा, मार्करची खूण थिनरने जाते.)

यापुढचं लिहिताना शिव्या आवरतोय. शोरूमचा जनरल मॅनेजर आधी ‘चेक करतो’ म्हणाला, मग फोन उचलायचा बंद झाला, मग बदलून गेला. कंपनीच्या कस्टमर केअरने लिहिलं की डीलर हा स्वतंत्र व्यावसायिक आहे, त्याच्या बिलाशी आमचा संबंध नाही. अरे, तुमच्याच तिजोरीतून खोटा क्लेम गेलाय, तो पुरावा मी तुम्हाला फुकट पाठवतोय! त्यावर ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’. सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यांनी ती कंपनीला पाठवली, कंपनीने तेच दोन ओळींचं उत्तर दिलं आणि तक्रार ‘निकाली’ निघाली. मी समाधानी आहे का, हे विचारणारा मेसेज मात्र आला. चौकीत गेलो. कलमासकट अर्ज लिहून नेला होता, भारतीय न्याय संहिता, कलम ३१८, म्हणजे आपलं जुनं ४२०. हवालदारांनी अर्ज उलटा-सुलटा केला आणि म्हणाले, “साहेब, बिल आहे तुमच्याकडे, सही आहे तुमची. हा सिव्हिल मॅटर आहे.” बिलात आहे तो पार्ट गाडीत नाही, हीच तर फसवणूक, असं म्हटल्यावर आतल्या साहेबांना भेटा. आतले साहेब बंदोबस्ताला. पुढच्या वेळी दुसरे साहेब, त्यांना फ्लायव्हील म्हणजे काय इथपासून समजावलं, तर ते म्हणाले आरटीओला जा. आरटीओत खिडकीवरच्या बाई हसल्या. त्यांचं हसणं या सगळ्यात त्यातल्या त्यात प्रामाणिक. वॉरंटीचे ३१,८६० ज्यांनी घेतले त्यांचं म्हणणं, आमच्या नोंदीप्रमाणे तुमचा क्लेम मंजूर होऊन बंद झालाय, मग तक्रार कसली? या माणसांपैकी एकानेही गाडीत वाकून बघितलं नाही. वाकायची गरजही नव्हती, फोटोंची फाइल हातात होती.

तर ही फिरफिर करू नका. पुरावा हातात आला की थेट जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. २०१९ च्या कायद्याप्रमाणे घटनेपासून दोन वर्षांच्या आत जा, ‘बघू, मिटवतील’ म्हणत बसू नका, ते तारखा मोजत असतात. डीलर आणि कंपनी दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. नोटीस मिळाल्यावर त्यांना उत्तराला तीस दिवस, फार तर आणखी पंधरा. तुमचा निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच, असं कायद्यात लिहिलंय. लिहिलंय खरं.

आणि एक. फिटरचा शब्द कागदावर चालत नाही. तीस वर्षं गिअरबॉक्स उतरवणाऱ्या माणसाचं म्हणणं म्हणे तज्ज्ञाचं मत नाही. मला परवानाधारक सर्व्हेयरचा रिपोर्ट घ्यावा लागला, ६,५०० रुपये. तो माणूस आला, त्याच फिटरला सगळं विचारलं आणि तेच इंग्रजीत लिहून दिलं. नवं फ्लायव्हील, सील, क्लच आणि मजुरी मिळून नाना पेठेत १,०६,३०० लागले, पक्क्या बिलासकट. जुनं फ्लायव्हील गोणपाटात बांधून सर्व्हेयरच्या सहीने सील केलंय. तुमच्यावर ही वेळ आली तर पार्ट निघाल्याबरोबर हे करा, नंतर ‘हा आमच्या गाडीतला कशावरून’ असं विचारतात. मला विचारलंच.

आयोगातल्या माझ्या तक्रारीवर शोरूमचं लेखी उत्तर आलंय. फ्लायव्हील बदललं, ग्राहकाची समाधानाची सही आहे, तक्रार पैसे उकळण्यासाठी. वॉरंटी क्लेमबद्दल एक शब्द नाही. आणि गेल्या तारखेला बाहेरच्या बाकावर त्यांच्या वकिलाने मला बाजूला घेऊन तडजोड सुचवली. तक्रार मागे घ्या, ३५,००० रुपयांचं सर्व्हिस कूपन देतो. कूपन त्यांच्याच वर्कशॉपमध्ये वापरायचं.