कोनोवीडर: भातातल्या तणासाठी घ्यावा का?

कोनोवीडर म्हणजे हातानं ढकलायचं तण काढायचं यंत्र. बेळगावजवळच्या येळ्ळूर-खानापूर भागात ओळीत रोप लावण करणाऱ्यांनी जरूर घ्यावा. धूळवाफ पेरणी (पावसाआधी कोरड्या मातीत बी पेरणं) किंवा विस्कटलेली लावण असेल तर घेऊ नका, रोपंच तुडवली जातील.

दात्यांचे दोन शंकू एकमेकांच्या उलट दिशेनं बसवलेले, पुढं चिखलावर सरकणारी पत्र्याची होडी, वर लांब दांडा. मागं-पुढं ढकलला की तण उपटून चिखलात गाडलं जातं. त्याचंच खत होतं. दोरी धरून २५ बाय २५ सेंमीवर लावण केली तर उभा-आडवा दोन्हीकडून चालतो. रोपाच्या बुडातलं तण मात्र हातानंच काढावं लागतं.

पहिली फेरी लावणीनंतर १०-१२ दिवसांनी, पुढं दर १० दिवसांनी. उशीर झाला की तणाची मुळं शंकूभोवती गुंडाळतात आणि ढकलणाऱ्याची कंबर जाते. फेरी मारताना शेतात २-३ सेंमी पाणी हवं. कमी असेल तर चिखल चिकटून शंकू फिरायचे थांबतात, जास्त असेल तर उपटलेलं तण तरंगून पुन्हा रुजतं. होडीचा कोन चुकला तरी यंत्र रुततं, तो आधी जुळवा. काम झालं की धुऊन आसाला ग्रीस द्या.

खरा फायदा पाण्याचा. तण दाबायला शेत सतत भरून ठेवायची गरज उरत नाही. अधूनमधून बारीक भेगा पडेपर्यंत सुकू दिलं तर मातीला हवा मिळते, हवामान तापवणारा मिथेन वायू कमी सुटतो. खानापूरच्या जुलैच्या पावसात हे जमणं कठीण. तिथं बांधाला पाणी काढायची वाट आधीच ठेवावी.