‘काढू काय ओ?’ : दुकानातल्या डेबियनवर यूडिस्कीचे आठ महिने

बेळगावच्या शहापुरात माझं डीटीपी आणि छपाईचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, मंडळांची पावती पुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका असली कामं. गिऱ्हाईक येळ्ळूर, कडोली, खानापूरचं. लग्नसराईत पलीकडच्या चंदगडहूनही येतं. प्रत्येकाच्या हातात पेन ड्राइव्ह आणि बऱ्याच जणांच्या पेन ड्राइव्हमध्ये तो शॉर्टकटवाला व्हायरस. “मामा, कालच कॉपी केलो की ओ, आता नुसते बाण दिसालेत!” हे वाक्य दिवसाला दोनदा तरी ऐकायचो. शेवटी डिझाईनचं मशीन आत विंडोजवरच ठेवलं आणि काउंटरवर एका जुन्या डब्यात डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं. व्हायरसने लपवलेल्या मूळ फायली तिथं सरळ दिसतात, कारण विंडोजची ‘हिडन’ खूण लिनक्स मानतच नाही. खोचलेला पेन ड्राइव्ह आपोआप उघडायला तिथं यूडिस्की नावाचा छोटा प्रोग्राम आहे, ही त्याचीच गोष्ट.

मशीन जुनं, आठ जीबी रॅम, म्हणून पूर्ण डेस्कटॉप न घेता नुसतं ओपनबॉक्स, म्हणजे फक्त खिडक्या सांभाळणारा हलका प्रोग्राम, ठेवलं. इथंच पहिली अडचण आली. ग्नोमसारखा पूर्ण डेस्कटॉप असेल तर पेन ड्राइव्ह आपोआप उघडतो. इथं खोचला तरी ढिम्म. मग मी शहाणपणा करून यूडेव्हचा (नवीन जोडलेलं उपकरण ओळखणारा लिनक्सचा भाग) नियम लिहिला, की यूएसबीवर नवीन पार्टिशन दिसलं की माउंटची, म्हणजे डिस्क एखाद्या फोल्डरला जोडून उघडायची, स्क्रिप्ट चालव. स्क्रिप्ट चालायची, लॉगमध्ये ‘झालं’ यायचं आणि फोल्डर मात्र रिकामं. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. कारण असं की यूडेव्हचा डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) स्वतःच्या वेगळ्या माउंट नेमस्पेसमध्ये, म्हणजे माउंटच्या स्वतंत्र कप्प्यात, चालतो, त्यामुळे तिथं केलेलं माउंट बाकीच्या सिस्टमला दिसत नाही. यूएसबीमाउंट नावाचं जुनं पॅकेजही याच खड्ड्यात अडकलेलं.

मग यूडिस्की बसवलं. ते स्वतः फार काही करत नाही, हेच मला आवडलं. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सांगतो की नवीन डिस्क आली. यूडेव्ह तिच्या सुरुवातीचे बाइट वाचून फाइल सिस्टम (फायली मांडायची पद्धत), लेबल आणि यूयूआयडी (डिस्कचा लांबलचक ओळख क्रमांक) ओळखतो. माउंट करतं ते यूडिस्क्स ही मागे चालणारी वेगळी सेवा. आणि यूडिस्की फक्त ‘कर माउंट’ एवढा हुकूम देऊन कोपऱ्यात चिन्ह दाखवतं. पासवर्ड विचारत नाही, कारण समोर बसून लॉगिन केलेल्या माणसाला काढघालीच्या डिस्कची परवानगी आधीच असते. घरून एसएसएचने (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करून) तोच हुकूम दिला तर मात्र पासवर्ड मागतं.

फाइलनावांचा प्रश्नही तिथंच सुटला. आमच्याकडे एकाच पेन ड्राइव्हमध्ये मराठी आणि कन्नड नावं शेजारी नांदतात. हाताने माउंट केल्यावर माझ्याकडे सगळीकडे प्रश्नचिन्हं यायची. यूडिस्क्स फॅटला (पेन ड्राइव्हची जुनी फाइल सिस्टम) यूटीएफ-८चा, म्हणजे सगळ्या लिप्या चालणाऱ्या अक्षरपद्धतीचा, पर्याय स्वतःच लावतं. एक्सफॅटसाठी (मोठ्या पेन ड्राइव्हची नवी फाइल सिस्टम) वेगळं काही टाकावं लागलं नाही, कर्नल ५.७ पासून ते आतच आहे.

ओळखीच्या बाबतीत मात्र मी चांगलाच आपटलो. एसडीबी, एसडीसी ही लिनक्सने डिस्कना दिलेली नावं आज एक तर उद्या दुसरी, एवढं माहीत होतं. म्हणून लेबलवर भरवसा ठेवला. पण ‘न्यू व्हॉल्यूम’ लेबलच्या दोन डिस्क एकदम लागल्या की दुसरीच्या फोल्डरला पुढं १ चिकटतो आणि स्क्रिप्ट भलतीकडेच बघत बसते. बरं, यूयूआयडी घेतला. तर माझ्या बॅकअपच्या दोन डिस्कपैकी दुसरी मी पहिलीवरून डीडी या कॉपीच्या हुकुमाने जशीच्या तशी उतरवलेली! दोघींचा यूयूआयडी एकच. दोन्ही लावल्या त्या दिवशी बॅकअप कुठल्या डिस्कवर गेला हे तारखा लावून शोधावं लागलं. अनमाउंट करून ट्यून२एफएस या हुकुमाने एकीला नवा यूयूआयडी दिला तेव्हा सुटलो.

त्याहून वाईट प्रकार पावसाळ्यात घडला. वीज गेली, आली. सैल केबलमुळे बॅकअपची डिस्क लागलीच नाही. एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठं माउंट करायची याची यादी) तिच्या ओळीत ‘नोफेल’, म्हणजे डिस्क नसली तरी पुढं जा, असल्याने मशीन निमूटपणे सुरू झालं. रात्रीची आरसिंक, म्हणजे बॅकअपची कॉपी, मात्र रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालते. तिला रिकामं फोल्डर दिसलं, तिने त्यातच सगळं ओतलं. सकाळी आतली डिस्क गच्च भरलेली आणि प्रिंटिंग बंद. चूक माझीच. आता एफएसटॅबच्या त्या ओळीत सिस्टमडीचं (मशीनच्या सगळ्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) ऑटोमाउंट आहे: फोल्डरला हात लावला तरच डिस्क माउंट होते, नसेल तर पाच सेकंद वाट बघून एरर येते, आणि मिनिटभर कुणी वापरली नाही की आपणहून अनमाउंट होते. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘माउंटपॉइंट’ची, म्हणजे फोल्डरवर खरंच डिस्क माउंट आहे का याची, तपासणीही घातली. यूडिस्कीच्या कॉन्फिगमध्ये या दोन डिस्कचे यूयूआयडी ‘इग्नोर’ केलेत.

लावणं एवढं सोपं झालं, काढणं नाही. गिऱ्हाईक घाईत असतं. “काढू काय ओ?” म्हणेपर्यंत हात पेन ड्राइव्हवर गेलेला असतो. फॅटवर यूडिस्क्स ‘फ्लश’ (माल साठवून न ठेवता लवकर लिही) लावतं म्हणून बरंच निभावतं, पण एक्सफॅटवर तसं नाही. एकाला हळदीचा तीन जीबीचा व्हिडिओ दिला. पट्टी शंभर टक्के झाली, तो घेऊन गेला आणि फाइल अर्धीच निघाली. उरलेला भाग माझ्या रॅममध्येच होता! कर्नल लिहायचा माल बराच वेळ साठवून ठेवतो, मुळात मोकळ्या मेमरीच्या २० टक्क्यांपर्यंत. मी या साठवलेल्या मालाची, म्हणजे ‘डर्टी बाइट्स’ची, मर्यादा ४८ एमबीवर आणली. आता पट्टी हळू सरकते, पण खरं बोलते.

सगळं एका बटणावर यावं म्हणून एफ ९ ला यूडिस्कीचा ‘सगळं अनमाउंट कर आणि डिटॅच कर (उपकरणच बंद कर)’ हा हुकूम जोडला. फोटोवाल्यांचं कार्ड काढताना कळलं की डिटॅचने कार्ड रीडरच बंद होतो. पुढचं कार्ड घातलं तरी दिसेना, रीडर काढून परत खोचावा लागला. ‘डिटॅच’ काढून टाकलं, नुसतं अनमाउंट ठेवलं.

विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमधून (पूर्ण बंद न होता अर्धवट झोपलेलं विंडोज) आलेली एनटीएफएसची (विंडोजची फाइल सिस्टम) डिस्क अजूनही कधी कधी फक्त वाचायला उघडते. तसल्या गिऱ्हाइकांना मी आतल्या विंडोज मशीनकडे पाठवतो, भांडत बसत नाही.

कडोलीचा एक पत्रिकावाला आता दारातूनच ओरडतो, “मामा, ते एफ नऊ दाबा की ओ, बस सुटालीया!”