ओल्या रानासाठी पोलरायझर: खानापूर, गोकाक, राजहंसगड

बेळगावात दुकानात फिल्टर मागितला की बहुतेक वेळा आधी यूव्ही फिल्टर हातात ठेवतात. तो काच सांभाळतो, तेवढंच. मी ६७ मिलिमीटरचा सर्क्युलर पोलरायझर घेतला, म्हणजे लेन्सच्या पुढे बसवून फिरवायचा, चमक कापणारा फिल्टर; दोन-अडीच हजारांतला, मल्टिकोटेड काचेचा. पावसाळ्यात खानापूर तालुक्यात कॅमेरा घेऊन फिरणार असाल तर दुसऱ्या लेन्सच्या आधी हा घ्या.

जांबोटीच्या रस्त्याला झड लागली की पान न् पान निथळत असतं आणि त्या ओलीवर ढगांचा पांढरा उजेड चकाकतो. डोळ्यांना गर्द दिसणारं रान फोटोत फिकुटलेलं येतं ते यामुळेच. स्क्रीनवर नजर ठेवून फिल्टरची पुढची रिंग सावकाश फिरवायची. एका जागी चमक ओसरते आणि पानांच्या शिरा दिसायला लागतात, ओला कातळ खरा काळा होतो, उथळ पाण्याचा तळ वर येतो. नंतर कॉम्प्युटरवर रंग हवे तेवढे चढवा, चमकेखाली झाकलेलं पान काही परत येत नाही. म्हणूनच हे पैसे मला सार्थकी लागलेले वाटतात.

गोकाकला रिंग जपून फिरवा. घटप्रभा तिथे सुमारे १७० फूट खाली कोसळते, सूर्य पाठीशी असला की तुषारांत इंद्रधनुष्य उमटतं. रिंग एका जागी आली की ते चक्क पुसलं जातं, तिथून पाव फेरा पुढे नेली की जास्तच उठून दिसतं.

राजहंसगडावर मोकळं आभाळ. तर्जनी सूर्याकडे धरा, अंगठा काटकोनात ताणून मनगट फिरवा; अंगठा जिकडे जाईल तिकडचं आभाळ सगळ्यात गडद होणार. पण झूम लेन्स १८ मिलिमीटरवर, म्हणजे रुंद ठेवून आख्खा देखावा घेतलात तर निळ्यात मधोमध काळपट पट्टा येतो. तिथे ३५च्या पुढे झूम करा, नाहीतर फिल्टर काढूनच ठेवा.

हा फिल्टर उजेड दीड-दोन स्टॉप खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). गर्द झाडीत, त्यात ढगाळ दिवस, म्हणजे हातात धरून जमत नाही, ट्रायपॉड पाहिजेच. धबधब्याला हे पथ्यावर पडतं: आयएसओ १००, एफ ११ ठेवलं की शटर पाव सेकंदाच्या आसपास येतं, पाणी रेशमासारखं होतं आणि तरी त्याची धार हरवत नाही.

माझ्या फिल्टरच्या तक्रारी दोन. रंगाला किंचित पिवळट झाक येते, म्हणून फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढून व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) सुधारावा लागतो. आणि दमट हवेत तो लेन्सवर घट्ट बसतो. बोटांनी चिमटीत दाबून पिळू नका, कडा वाकून आणखी अडकतो. कडेभोवती रुंद रबर बँड लावून हलक्या हाताने फिरवला की सुटतो.

माप घेताना तुमच्या सगळ्यात मोठ्या लेन्सचं घ्या. लहान लेन्सला स्टेप-अप रिंग (मोठा फिल्टर बसवायची जोडकडी) लावली की तोच फिल्टर चालतो.