तेल्या आलेल्या डाळिंबाला कोणता बहार धरावा: मृग, आंबे की हस्त?

पान उन्हाकडे धरलं की पाण्यात भिजल्यासारखा बारीक ठिपका तेलकट चमकतो. फळावर तोच डाग काळा पडतो आणि साल इंग्रजी एल किंवा वाय अक्षरासारखी तडकते. आतले दाणे चांगले असले तरी असं फळ व्यापारी बाजूला काढतो. फार जीव तुटतो तेव्हा.

तेल्या हा झँथोमोनास जिवाणूचा रोग. पानाची छिद्रं, छाटणीच्या जखमा, काट्यांचे ओरखडे या वाटांनी तो आत शिरतो. आत गेल्यावर सुईसारख्या नळीतून पेशीत प्रथिनं सोडतो आणि झाडाची राखण ढिली पाडतो. फवारलेलं बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) सालीवरच राहतं, आतल्या जिवाणूपर्यंत पोचत नाही. एका झाडावरून दुसऱ्यावर त्याला नेतात पावसाचे उडते थेंब. त्यामुळे बहार, म्हणजे बागेला कोणत्या हंगामात फुलं आणायची ते, ठरवताना मी पाहतो एवढंच: कोवळं फळ पावसात सापडतं का?

मृग बहारात नेमकं तेच होतं. जून-जुलैत फुलं, मग सेटिंग (फळधारणा) आणि फळाची वाढ भर पावसात, दमट हवेत. विहिरीला उन्हाळ्यात पाणी नसतं म्हणून बरेच जण मृग धरतात, त्यांची अडचण खरी आहे. पण बागेत तेल्या असेल तर फवारण्यांचा खर्च करूनही फळ हाती लागेल याची खात्री नाही.

आंबे बहाराला थंडीत ताण (फुलं यावीत म्हणून झाडाचं पाणी तोडणं) छान बसतो, जानेवारी-फेब्रुवारीत फुलंही भरपूर येतात. मात्र उन्हाळाभर पाणी लागतं, शेततळं नसेल तर नादी लागू नका. भगवा या वाणाला फुलापासून तोडणीपर्यंत साधारण ६ महिने लागतात, म्हणजे शेवटची फळं पावसात सापडतातच.

हस्तात फुलं सप्टेंबर-ऑक्टोबरला, वाढ कोरड्या थंडीत. तेल्या सगळ्यात कमी इथे. सोलापूरचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही तेल्याग्रस्त बागांना हस्तच सुचवतं, आणि माझाही कौल त्यालाच. अडचण ताणाची: भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यातली ओल हटत नाही, परतीचा पाऊस आला तर ताण मोडतो आणि फुलं विरळ येतात. हलक्या, मुरमाड जमिनीत हस्त डोळे झाकून धरा. काळी जमीन आणि शेततळं दोन्ही असेल तर आंबे बहार लवकर, जानेवारीच्या सुरुवातीलाच धरा.

कोणताही बहार धरलात तरी छाटणीची कात्री दर झाडानंतर सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकात बुडवा, आणि तेल्या असलेल्या बागेतली गुटी (फांदीला मुळं फोडून केलेलं रोप) फुकट मिळाली तरी आणू नका.