रीफ टँकचा एलईडी दिवा: वर्षभरानंतर पंख्याविषयीच अधिक

घोडबंदर रस्त्यावरील आमच्या घरात तीन फुटांची, दीड फूट रुंद आणि दीड फूट खोल अशी मिठाच्या पाण्याची, प्रवाळ ठेवलेली टाकी, म्हणजेच रीफ टँक, आहे. काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे १९० लिटर पाणी मावते. तिच्यावर टांगलेला ॲपवर चालणारा मध्यम किमतीचा एलईडी दिवा हा या अभिप्रायाचा विषय आहे. विक्रेत्याशी वॉरंटीवरून झालेला वाद पुरता मिटलेला नसल्याने दिव्याचे नाव येथे देत नाही, आणि ते दिल्याने फारसा फरकही पडणार नाही, कारण एकाच साच्यातून निघालेले असे दिवे निरनिराळ्या नावांनी विकले जातात. वॅट, चॅनेल (स्वतंत्रपणे कमी-जास्त करता येणारे रंगांचे गट) आणि लेन्सचे कोन यांची माहिती खोक्यावर असते, म्हणून ती पुन्हा लिहीत बसत नाही. मला लिहायचे आहे ते दिव्याच्या पाठीवर बसवलेल्या, तळहाताएवढ्या पंख्याविषयी.

आधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. माझ्या टाकीत फक्त मऊ प्रवाळ आहेत: झोअँथिड, मशरूम आणि एक लेदर. दगडी प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये मोडतात आणि आपल्या समुद्रातून ते काढणे हा गुन्हा आहे, त्यामुळे दुकानात कोणी कागदपत्रांविना ‘मालवणचा पीस’ दाखवला तर मी तेथून सरळ बाहेर पडतो. प्रकाशाच्या दृष्टीनेही हा फरक महत्त्वाचा आहे. मऊ प्रवाळांचे ५० ते १५० पारमध्ये (पार म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचे माप) उत्तम चालते, तर अ‍ॅक्रोपोरासारख्या दगडी प्रवाळांना २०० ते ३५० आणि कधी त्याहूनही अधिक लागते. रेडियन किंवा हायड्रा या महागड्या रीफ दिव्यांच्या किमतींना मी दुरूनच नमस्कार केला तो एवढ्यासाठीच, कारण जो प्रकाश मला चाळीस टक्क्यांवर आणून ठेवावा लागणार, त्याचे शंभर टक्क्यांचे पैसे का मोजावेत?

दिवा निवडताना बहुतेक जण स्पेक्ट्रमवरून वाद घालतात. माझ्या मते हा वाद आता जवळजवळ निकाली निघाला आहे. प्रवाळाच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल मुख्यतः निळ्या प्रकाशावर जगते. तांबडा प्रकाश समुद्राच्या वरच्या काही मीटरांतच शोषला जातो आणि खोलवर पोहोचतो तो निळाच. त्यामुळे ४५० नॅनोमीटरच्या आसपासचे रॉयल ब्लू, ४७० चे निळे आणि ४०० ते ४२० च्या पट्ट्यातील जांभळे डायोड पुरेशा संख्येने असले की काम भागते, आणि आजकाल बाजारातील बऱ्यापैकी प्रत्येक दिव्यात ते असतात. पांढरे चॅनेल प्रवाळांपेक्षा आपल्या डोळ्यांसाठीच अधिक असते. आमच्याकडे ते संध्याकाळी थोडे वाढवावे लागते, कारण केवळ निळ्या प्रकाशात दिवाणखाना नवरात्रीच्या मंडपासारखा दिसतो अशी घरातून लेखी नसली तरी कायमची तक्रार आहे.

पहिले काही महिने मी या दिव्याचे कौतुकच करत होतो. याआधी टाकीवर १५० वॅटचा मेटल हॅलाइड, म्हणजे जुन्या धाटणीचा प्रखर दिवा, होता. बॅलास्ट (दिव्याला वीज नियंत्रित करून देणारा भाग) धरून तो सुमारे १७० वॅट खात असे, म्हणजे रोज नऊ तास चालवल्यास दीड युनिट. नवा दिवा मी ठेवलेल्या पातळीवर सरासरी ७५ वॅट घेतो, म्हणजे दिवसाला पाऊण युनिटही नाही. महिन्याला पंचवीसेक युनिट वाचतात, आणि महावितरणच्या बिलात ३०० युनिटांची वेस ओलांडली की पुढच्या प्रत्येक युनिटचा दर कसा वाढतो हे चिलर, म्हणजे टाकीचे पाणी थंड ठेवणारे यंत्र, असलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. शिवाय हॅलाइडची उष्णता थेट पाण्यावर पडत असे, ती आता पडत नाही, त्यामुळे चिलरही कमी वेळ चालतो. सकाळी हळूहळू उजळणे आणि रात्री हळूहळू मावळणे व्यवस्थित होते, १२० अंशांच्या लेन्समुळे प्रकाश सगळीकडे सारखा पसरतो आणि खडकांमागे काळ्याकुट्ट सावल्या पडत नाहीत. ॲपमध्ये खाते उघडण्याची सक्ती मला तेव्हाही खटकली होती आणि आजही खटकते, पण ती सहन करण्याजोगी आहे.

पंखा मात्र पहिल्या दिवसापासून ऐकू येत होता. सुरुवातीला मी त्याला केवळ आवाजाचा प्रश्न समजत होतो, आणि मित्रांनी विचारले तर ‘दिवा चांगला आहे, आवाज करतो एवढेच’ असे उत्तर देत होतो. आज मी तसे उत्तर देणार नाही, कारण प्रश्न आवाजाचा नव्हता.

एलईडी गरम होत नाही हा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. प्रत्यक्षात त्याने खेचलेल्या विजेचा मोठा भाग उष्णतेतच जातो. फरक एवढाच की ही उष्णता प्रकाशाबरोबर पुढे फेकली जात नाही, ती डायोडच्या पाठीमागे साठते. तेथून ती ॲल्युमिनियमच्या हीटसिंकने ओढून घ्यायची आणि पंख्याने बाहेर घालवायची अशी सगळी रचना असते. डायोड तापला की त्याचा प्रकाश कमी होतो आणि आयुष्यही घटते. खोक्यावर छापलेले ५०,००० तास हे थंड राहिलेल्या डायोडचे असतात. मे महिन्यात खोलीचे तापमानच ३३-३४ अंशांवर असताना, आणि जुलैत हवेतील दमटपणा ९० टक्क्यांच्या घरात असताना, हा छोटा पंखा म्हणजे दिव्याचा अर्धा जीव ठरतो.

उन्हाळ्याच्या मध्यावर माझ्या झोअँथिडांच्या वसाहतीत एक बदल दिसू लागला. एरवी खडकाला चिकटून, बटणांसारखे सपाट उघडणारे पॉलिप (वसाहतीतील एकेक छोटा जीव) आता लांब देठांवर वर येऊ लागले होते. कडेचे काही तर शेजाऱ्यांच्या डोक्यावरून मान काढावी तसे तिरके वाढले होते. झोअँथिड असे ताणले जातात ते बहुधा प्रकाश कमी पडल्यावर. ॲप मात्र निळे चॅनेल ६० टक्के असल्याचे ठामपणे सांगत होते, आणि वेळापत्रकातही काही बदललेले नव्हते. मोबाइलवरील लक्स मोजणाऱ्या ॲपचा येथे काही उपयोग नाही, कारण लक्स हे माणसाच्या डोळ्याच्या संवेदनेवर बेतलेले माप आहे, ते ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट प्रकाशाला सर्वाधिक वजन देते आणि निळ्या प्रकाशाला जवळजवळ जमेतच धरत नाही. शेवटी ऐरोलीत राहणाऱ्या एका रीफवाल्या मित्राकडून पार मीटर मागून आणला.

सकाळी दिवा पूर्ण पातळीवर आल्याबरोबर वसाहतीच्या जागी, पाण्याखाली सेन्सर ठेवून मोजले तेव्हा आकडा ९४ आला. त्यात काहीच गैर नव्हते. सेन्सर तेथेच ठेवून दुपारी पुन्हा पाहिले तर आकडा ५१ होता. सेन्सर हललेला नव्हता, पाणी स्वच्छ होते आणि ॲपवर तेच ६० टक्के दिसत होते. दिव्याच्या पाठीवर हात ठेवला तर तो तेथे टेकवेना. पंखा फिरत होता, पण इतका रेंगाळत की पाती मोजता यावीत. दिव्यातील तापमान-संरक्षणाने स्वतःला वाचवण्यासाठी वीज निम्म्यावर आणली होती, आणि त्याबद्दल ॲपने चकार शब्द काढला नव्हता. ॲप दाखवते तो आपण दिलेला आदेश असतो, प्रत्यक्षात पडणारा प्रकाश नव्हे. या एका त्रुटीसाठी मी या दिव्याचे दोन तारे कापले आहेत. पंखा मंदावला तर हरकत नाही, पण त्याचा वेग आतल्या सर्किटला कळत असताना मालकाला कळवायचा नाही, याला काय म्हणावे?

चार स्क्रू काढून मागचे झाकण उघडले. हीटसिंकच्या पात्यांमध्ये पांढरट, किंचित ओलसर मिठाचा थर होता. पंख्याच्या जोडणीच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. पंखा होता स्लीव्ह बेअरिंगचा, म्हणजे तेलावर फिरणारा स्वस्तातला प्रकार. तो आडवा बसवला आणि सतत उष्णतेत ठेवला की त्यातले तेल लवकर संपते, आणि दिव्याच्या पाठीवर त्याला नेमके आडवेच राहावे लागते. त्याहून वाईट म्हणजे हवेची दिशा: पंखा खालच्या खाचांतून हवा ओढून वर सोडतो. खाली काय आहे, तर टाकी! वेव्हमेकरच्या (टाकीत लाटा निर्माण करणाऱ्या पंपाच्या) लाटांनी उडणारे बारीक खारे तुषार थेट सर्किटवरून नेण्याची ही सोयच झाली. वरची कोरडी हवा ओढून ती बाजूने बाहेर सोडली असती तर हा प्रकार निम्म्याने कमी झाला असता असे मला वाटते, आणि नवा दिवा घेणाऱ्याने दुकानातच तो सुरू करून खालच्या खाचांशी टिश्यू पेपरचा कपटा धरून पाहावा. कपटा आत ओढला गेला तर तो दिवा झाकण नसलेल्या टाकीवर लावण्याआधी दोनदा विचार करावा.

विक्रेत्याशी झालेल्या संभाषणाने माझा संयम संपला. दिवा वॉरंटीत होता. छायाचित्रे पाठवल्यावर उत्तर आले, ‘सर, आत मीठ गेले आहे, सॉल्ट डॅमेज वॉरंटीमध्ये कव्हर होत नाही.’ मी विचारले की ‘रीफ’ असे मोठ्या अक्षरांत छापलेला दिवा मिठाच्या पाण्यावर लावायचा नाही, तर कोठे लावायचा. त्यावर दिवा स्वखर्चाने, मूळ खोक्यात, परराज्यातील केंद्रावर पाठवावा आणि तपासणीला तीन ते चार आठवडे लागतील असे सांगण्यात आले. प्रवाळांना तीन आठवडे अंधारात कसे ठेवायचे, हे कोणी सांगितले नाही. शेवटी मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगात दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचे शुल्क नाही, हेही विक्रेत्याला शांतपणे लिहून कळवले. काही दिवसांत सूर बदलला आणि पंखा मोफत, कुरिअर माझ्या खर्चाने, असा तोडगा आला. आलेला पंखा पुन्हा तोच स्लीव्ह बेअरिंगचा निघाला. तो कपाटात पडून आहे.

मधल्या काळात मी मुंबईतील इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजाराचा लॅमिंग्टन रोड गाठला. ८० मिलिमीटरचा, १२ व्होल्टचा, डबल बॉल बेअरिंगचा पंखा मिळाला तो सहकुटुंब बाहेर एकदा जेवायला जो खर्च येतो त्याहून कमी पैशांत. घेताना एक खबरदारी घ्यावी लागते: मूळ पंख्याला तीन तारा असतील तर नवाही तीन तारांचाच घ्यावा, कारण तिसरी तार फिरण्याचा वेग सर्किटला कळवते आणि ती नसेल तर काही दिवे पंखा बंद आहे असे समजून सुरूच होत नाहीत. जोडणीचे टोक जुळले नाही, म्हणून जुन्या पंख्याचे टोक तारेसह कापून नव्याला डाग दिला आणि त्यावर हीटश्रिंक नळी चढवली. हीटसिंक मऊ ब्रश आणि आरओच्या पाण्याने धुऊन दिवसभर पंख्याखाली वाळवला. अर्थात दिव्याची वायर आधी भिंतीतून काढली होती.

पुढे निळे चॅनेल पुन्हा ६० टक्क्यांवर आल्यावर त्याच जागी मोजले: सकाळी ९६, दुपारी ९१. आवाजही निम्म्यावर आला, ही अनपेक्षित भेट. दिवा उत्पादकाने हाच पंखा बसवला असता तर त्याचा खर्च किती वाढला असता, याचा हिशेब मी अधूनमधून मनातल्या मनात करतो आणि दर वेळी नव्याने चिडतो.

दिवा उघडा पडला होता तेव्हा टाकीवर मित्राचा जुना ‘ब्लॅक बॉक्स’, म्हणजे साधा पेटीसारखा एलईडी दिवा, टांगला होता. पत्र्याची पेटी, दोनच नॉब, ॲप नाही, आणि वर सरळ दिसणारे दोन पंखे. अशा दिव्यांना मी पूर्वी नाके मुरडत असे. ९० अंशांच्या लेन्समुळे मध्यभागी प्रखर आणि कडांना मंद असा प्रकाश पडतो, आणि वाळूवर रंगांचे ठिपके नाचतात, हे दोष खरेच आहेत. पण त्याचे पंखे बाहेरूनच चार स्क्रूंवर बदलता येतात आणि तो दिवा अनेक पावसाळे पाहून अजून चालू आहे. मऊ प्रवाळ ठेवणाऱ्या, खिसा सांभाळणाऱ्या माणसाला आज मी तोच सुचवेन, वर टायमर लावून. ज्यांना उजळणे-मावळणे हवे आहे त्यांनी माझ्यासारखा दिवा जरूर घ्यावा, प्रकाश त्याचा चांगलाच आहे, फक्त किमतीत एका चांगल्या पंख्याचे पैसे पहिल्या दिवशीच धरावेत.

पंखा बदलल्यावर लगेच जुन्या पातळीवर जाऊ नये, कारण अनेक आठवडे कमी प्रकाशाला सरावलेले प्रवाळ एकदम वाढलेल्या प्रकाशाने पांढरे पडू शकतात. मी निळे चॅनेल ३५ टक्क्यांपासून सुरू केले आणि दर आठवड्याला पाच टक्के वाढवत नेले. सध्या निळे ६०, जांभळे ४५, पांढरे १२ आणि तांबडे-हिरवे शून्य अशी मांडणी आहे, दिवा पाण्यापासून नऊ इंच वर आहे आणि खालच्या काचेवरचा मिठाचा थर दर रविवारी ओल्या फडक्याने पुसला जातो. झोअँथिडांचे नवे पॉलिप पुन्हा आखूड देठांचे येत आहेत, जुने ताणलेले मात्र तसेच राहिले आहेत.