खड्डे खणायला पेट्रोल ऑगर की सब्बल?

काटोलकडच्या आमच्या वावरात दोन्ही वापरून झालंय. ऑगर म्हणजे फिरत्या पात्याने खड्डा पाडणारं यंत्र. कॅनडात मासेमारीसाठी गोठलेल्या तळ्याला ज्याने भोक पाडतात, त्याच जातीचं. फक्त पातं मातीचं.

धुऱ्यावर तारेच्या कुंपणाचे खांब रोवायचे असतील तर ऑगरच. वाफशावरच्या, म्हणजे ना चिखल ना कोरडी अशा काळ्या मातीत दोन फुटांचा खड्डा दोन-तीन मिनिटांत होतो. सब्बलीने तेवढ्यात वरचा थरही धड निघत नाही. पण खाली दगड लागला की यंत्र असा हिसका देतं की मनगट मुरगळलंच समजा. तिथं सब्बलच हाती घ्यावी लागते.

संत्र्याच्या कलमांचं गणित निराळं. ६ बाय ६ मीटरवर हेक्टरी २७७ झाडं, खड्डा ६० सेंटीमीटर लांब-रुंद-खोल. आठ-दहा इंची पात्याने तेवढा होत नाही. शिवाय ओल्या चिकण मातीत पातं कडा घोटून गुळगुळीत करतं, मुळं आतल्या आत गोल फिरतात. त्या कडा सब्बलीने खरवडायच्याच.

टू-स्ट्रोक इंजिनच्या पेट्रोलमध्ये ऑइल टाकायला मी एकदा विसरलो. पिस्टन जाम! सब्बलीचे असले चोचले नाहीत. लोहाराकडून टोक काढून आणलं की झालं.